ऑरियसवरची चित्रे: रोमन सोन्याच्या नाण्यावर काय कोरत, आणि ते कोणासाठी?

जुना ठसा:

लंडनमध्ये आतेभावाकडे राहायला गेलो असताना एका जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून ऑगस्टसचा एक ऑरियस काढून माझ्या तळहातावर ठेवला. आकार आपल्या पन्नास पैशांच्या शेवटच्या नाण्याएवढा, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर. वजन मात्र दहा रुपयांच्या नाण्याएवढे, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांनी बांधलेला अंदाज आणि हाताला लागलेले वजन यांचा मेळ काही बसेना. तेव्हापासून या नाण्यांवरच्या चित्रांविषयी मिळेल ते वाचतो आहे. त्या वाचनातून एक प्रश्न मनात रुतून बसला आहे आणि तो येथील जाणकारांपुढे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे. ही चित्रे कोणी पाहावीत म्हणून कोरली जात होती, आणि ज्यांच्या हाती ती प्रत्यक्षात पडली त्यांना त्यांत काय दिसत होते?

प्रथम त्या नाण्याविषयी सांगतो. दर्शनी बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला ऑगस्टस आहे आणि भोवती 'सीझर ऑगस्टस, देवत्व पावलेल्याचा पुत्र, राष्ट्रपिता' अशा अर्थाचा लेख आहे. 'राष्ट्रपिता' ही पदवी त्याला इ.स.पू. २ मध्ये मिळाली, त्यामुळे हे नाणे त्याआधीचे असू शकत नाही. मागच्या बाजूला टोगा नेसलेले दोन तरुण समोर तोंड करून उभे आहेत. त्यांच्या मध्ये जमिनीवर टेकवलेल्या दोन गोल ढाली आणि त्यांमागे दोन भाले आहेत, आणि वर, दोन डोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक लांब दांड्याची पळी आणि टोकाला गोल वळलेली एक काठी आहे. हे तरुण म्हणजे गायस आणि लुसियस. ते ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस ठरवले होते. ढाली आणि भाले चांदीचे होते. रोममधील अश्वारूढ वर्गाने दोघांना 'तरुणांचे नायक' म्हणून गौरवताना ते भेट दिले, असे ऑगस्टसनेच आपल्या कारकिर्दीच्या वृत्तांतात नोंदवले आहे. पळी हे पोंटिफेक्स या पुरोहिताचे चिन्ह, कारण गायसकडे ते पद होते. वळलेली काठी हे शकुन पाहणाऱ्या ऑगर पुरोहिताचे चिन्ह, कारण लुसियस ऑगर होता. पळी म्हटल्यावर आपल्याला संध्येची पळी आठवते, आणि ती तुलना अगदीच गैरलागू नाही, कारण त्या पळीनेही देवापुढे द्रवच सोडत असत.

म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या जागेत राज्य कोणाकडे जाणार, त्यांना देवांची संमती कशी आहे आणि प्रतिष्ठित वर्ग त्यांच्या पाठीशी कसा उभा आहे, हे सगळे बसवलेले आहे. पण लुसियस इ.स. २ मध्ये मासिलिया म्हणजे आजच्या मार्सेय येथे आणि गायस इ.स. ४ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील लिसियात मरण पावला. ज्या भविष्याची ग्वाही नाणे देत होते ते भविष्यच उरले नाही, आणि नाणे मात्र चालत राहिले. भारतात सापडलेल्या ऑगस्टसच्या नाण्यांत, सोन्याच्या आणि त्याहूनही चांदीच्या, हाच प्रकार मोठ्या संख्येने आढळतो. इतकेच नव्हे, तर येथे त्याच्या नकलाही घडवल्या गेल्या, ज्यांत दोन तरुण आणि ढाली ओळखू येतात, पण भोवतीच्या लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या आहेत.

रोममधील उत्तर काही अंशी सोपे आहे. एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ दिनारियस. ऑगस्टसच्या काळात लेजन या रोमन सैन्यदलातल्या साध्या सैनिकाचा वार्षिक पगार २२५ दिनारियस, म्हणजे ९ ऑरियस होता आणि तो वर्षातून तीन हप्त्यांत मिळे. सगळा पगार सोन्यातच हाती पडत नसे, त्यातून अन्नवस्त्राचे पैसे कापले जात. तरीही सोने ज्यांच्यापर्यंत पोहोचत होते त्यांत सैन्य आणि अधिकारी हा वर्ग मोठा होता, आणि वारस कोण हे बादशहाला सर्वांत आधी त्यांनाच पटवायचे होते. भाजी घेणाऱ्याच्या हाती तांब्या-पितळेची नाणी येत, त्यावरची चित्रे बरीचशी वेगळी असत. भारतातील व्यापाऱ्याच्या बाबतीत मात्र मला उत्तर सापडत नाही. आपण सर्वांनी आपापल्या बाजूने भर घालावी ही विनंती.

सराफकट्टा:

धागा आवडला. आमच्या घरी चार पिढ्यांचा सराफीचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी चित्राकडे जाण्याआधी वजनाकडे जातो, त्याबद्दल क्षमा असावी.

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये मोठ्या प्रमाणावर सोने पाडले तेव्हा एका रोमन पौंडातून ४० नाणी निघत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम. नीरोने इ.स. ६४ मध्ये त्याच पौंडातून ४५ काढली. काराकालाच्या काळात ती ५० झाली, डायोक्लेशियनच्या काळात ६०, आणि कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे नवे नाणे आणले तेव्हा ७२, म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅम. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की पहिली अडीच शतके घट झाली ती वजनात, कसात नव्हे. चांदीच्या दिनारियसमध्ये तांबे मिसळत गेले, सोने मात्र जवळजवळ शुद्ध राहिले. ग्राहक काट्यावर फसेल पण कसोटीवर फसणार नाही, हे त्यांच्या टांकसाळीला ठाऊक असावे.

आता चित्र. नीरोचा एक प्रसिद्ध ऑरियस आहे, ज्यावर जेनस देवाचे मंदिर बंद दारांसह दाखवले आहे. रोममध्ये युद्ध चालू असेपर्यंत या मंदिराची दारे उघडी ठेवत. जमिनीवर आणि समुद्रावर शांतता प्रस्थापित करून नीरोने दारे लावून घेतली, असे लेख सांगतो. दारावर लटकवलेला हारसुद्धा कोरणाऱ्याने सोडलेला नाही. हे नाणे रोमच्या आगीनंतरचे, आणि वजन घटवल्यानंतरचेही. शांततेची ग्वाही सुबक होती आणि सोने पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा ग्रॅम कमी होते. आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर डबी मखमली झाली की आतला माल पुन्हा तोलून घ्यावा.

भारतातील व्यापाऱ्याला काय दिसत होते, यावर माझे मत सरळ आहे. त्याला छाप दिसत होती. वळलेली काठी शकुनाची की गुराख्याची याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. 'दोन पोरांचे नाणे' म्हणजे अमुक वजन आणि अमुक कस, एवढे त्याला पुरेसे होते. टिबेरियसने आपल्या तेवीस वर्षांच्या राज्यात सोन्यावर बहुतांशी एकच चित्र ठेवले, हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेल्या स्त्रीचे, आणि भारतात त्याची नाणी भरपूर सापडतात, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. ओळखीचा चेहरा बदलू नये अशीच परदेशी बाजाराची इच्छा असते. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा चांदीचा थेलर १७८० हे एकच साल घेऊन तिच्या मृत्यूनंतरही दीडशेहून अधिक वर्षे पाडला गेला, कारण अरबस्तानात आणि इथिओपियात लोकांना तोच हवा होता.

अर्धवट लॅटिन:

टिबेरियसच्या नाण्यावरची ती बसलेली स्त्री कोण, हे नाणे सांगत नाही. लेखात फक्त 'पोंटिफेक्स मॅक्सिमस', म्हणजे मुख्य पुरोहित, एवढेच आहे. पुष्कळ अभ्यासक तिला त्याची आई लिव्हिया मानतात, काही जण शांतिदेवता म्हणतात, आणि मला वाटते की ही संदिग्धता हेतुपूर्वक ठेवलेली असावी. ज्याला आई पाहायची त्याने आई पाहावी.

मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे येतो. बादशहाने सैनिकाला सांगितले आणि सैनिकाने ऐकले, इतके हे एकमार्गी नव्हते असे मला वाटते. क्लॉडियसचेच उदाहरण घ्या. इ.स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाल्यावर राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे प्रिटोरियन दलाने, क्लॉडियसला छावणीत नेऊन बादशहा केले, आणि त्याने प्रत्येकाला घसघशीत बक्षीस दिले. त्यानंतरच्या त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर दोन जोडीची चित्रे येतात. एकावर त्या दलाच्या छावणीची तटबंदी आणि 'सेनापतीला आश्रय दिला' असा लेख; दुसऱ्यावर क्लॉडियस एका ध्वजधारी पहारेकऱ्याचा हात हातात घेऊन उभा, आणि 'प्रिटोरियनांना आपले म्हटले' अशा अर्थाचा लेख. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की तो करारनामा होतो, आणि करारातली रक्कमही तीच नाणी. राज्य कोणी दिले हे इतक्या उघडपणे मान्य करणारा दुसरा बादशहा शोधावा लागेल.

तसेच सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसचे. सीझरच्या खुनानंतर, इ.स.पू. ४२ मध्ये, सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत त्याने जे नाणे पाडले त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत, मध्ये एक टोपी आहे आणि खाली 'मार्चची आयड्स', म्हणजे १५ मार्च ही खुनाची तारीख, आहे. ती शंकूसारखी टोपी, पिलेयस, गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर घालत. सीझर मेला आणि रोम दास्यातून सुटले, असे तिचे म्हणणे. खंजीर निरखून पाहिल्यास दोघांच्या मुठी वेगळ्या आहेत, त्यावरून एक ब्रूटसचा आणि एक त्याचा साथीदार कॅसियसचा असे मानतात. नाण्याची खरी गंमत दुसऱ्या बाजूला आहे, कारण तेथे ब्रूटसने स्वतःचा चेहरा कोरला आहे. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने जिवंतपणी रोमच्या नाण्यावर आपला चेहरा आणला, ही राजेशाहीची चाहूल म्हणून त्याच्यावरच्या आरोपांत धरली जाते, आणि त्याच्या मारेकऱ्याने दोन वर्षांत तेच केले. चांदीत हे नाणे शंभराच्या आसपास ज्ञात आहे. सोन्यात केवळ तीन. त्यांपैकी एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात शुल्कासह ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले, पण त्याच्या मालकीचा इतिहास बनावट निघाल्यामुळे ते जप्त होऊन २०२३ मध्ये ग्रीसला परत देण्यात आले.

जुना ठसा:

'अर्धवट लॅटिन' यांना एक छोटी पुरवणी जोडतो. 'रोमच्या नाण्यावर' हे त्यांचे शब्द महत्त्वाचे आहेत. सीझरच्या आधी सुमारे दीडशे वर्षे फ्लामिनिनस या रोमन सेनापतीचा चेहरा असलेले सोन्याचे नाणे निघाले होते, पण ते ग्रीसमध्ये, ग्रीक धाटणीचे आणि अत्यल्प संख्येने.

करारनाम्याची कल्पना मात्र मला पूर्ण पटली.

नवखा:

मी या विषयात अगदी नवीन आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे सापडलेल्या रोमन नाण्यांची छायाचित्रे पाहिली. बहुतेक नाण्यांवर बादशहाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला दिसतो. सोने इतके सुंदर असताना असे का केले असावे? परकीय राजाविषयीचा राग, की आणखी काही?

जुना ठसा:

हा निधी १८९८ साली मिळाला, त्यात ५०१ ऑरियस होते आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर असे घाव आहेत. मोठा भाग आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाणी ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची, म्हणजे त्यांतले सर्वांत अलीकडचे नाणेही इ.स. ७९ नंतरचे नाही.

राग हे कारण मला संभवनीय वाटत नाही. ज्या राजाचे राज्य हजारो कोसांवर आहे, ज्याची फौज येथे कधी आली नाही, त्याच्यावर कोण इतका चिडेल? आणि चिडलेला माणूस पाचशे नाण्यांवर एकेक करून, नेटका, जवळजवळ सारख्या जागी घाव घालत बसणार नाही. हे काम ठरवून, एका जागी बसून केलेले आहे. एक मत असे, की झिजलेली नाणी चलन म्हणून रद्द करण्यासाठी, यापुढे ती केवळ धातू म्हणून वजनावर घ्यावीत यासाठी, हा घाव घालत. दुसरे मत असे, की आत तांबे आणि वर सोन्याचा पत्रा असे मुलाम्याचे नाणे ओळखण्याची ती चाचणी होती. तिसऱ्या मतानुसार मानवी प्रतिमेला, विशेषतः राजाच्या प्रतिमेला, हरकत असणाऱ्या कोणाचे ते काम असावे. मी पहिल्या मताकडे झुकतो.

सराफकट्टा:

येथे मी आपल्याशी सहमत नाही. चाचणीचा मुद्दा आपण घाईने सोडला.

मुलामा तपासायचा तर टाकी कोठे मारावी? नाण्याचा जो भाग सर्वांत उंच आणि जाड असतो तेथे, कारण चोर धातू तेथेच लपतो. या नाण्यांवर चेहऱ्याचा गाल आणि कपाळ यांएवढा उठाव दुसऱ्या कशालाही नसतो. काठाला मारलेल्या टाकीतून फक्त कडेचा पत्रा दिसेल आणि नाण्याचा घेर बिघडेल, तो वेगळाच. तेव्हा घाव चेहऱ्यावर आहे म्हणून तो चेहऱ्याविरुद्ध आहे असे मानण्याचे कारण नाही. आमच्या आजोबांकडे मोहरा आणि पुतळ्या मोडीसाठी येत तेव्हा त्यांवरही जुन्या सराफांच्या टाक्या असत, आणि त्या देवाच्या अंगावर पडल्या म्हणून कोणी गहजब केल्याचे ऐकिवात नाही.

जुना ठसा:

मान्य करण्याजोगा युक्तिवाद आहे. मात्र एक शंका उरते. चाचणीसाठी एवढा लांब, डोक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा घाव लागतो का? आणि खरे ठरलेले नाणे असे विद्रूप केले तर पुढे ते नगाने कोण घेईल?

सराफकट्टा:

नगाने कोणी घेत नसेलच, हाच माझा मुद्दा आहे. वजनाने घेत. म्हणजे आपले पहिले मत आणि माझे दुसरे मत एकाच टाकीत बसू शकते.

गोदाकाठ:

चर्चा दक्षिणेत रमली आहे, म्हणून थोडे नाशिककडे आणतो.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्यात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा हिशेब स्पष्ट दिला आहे. चांदीच्या नाण्याचा सोन्याच्या नाण्याशी असलेला भाव भिंतीवर कोरून ठेवण्याची ही नोंद विरळा आहे. हे 'सुवर्ण' म्हणजे कोणते नाणे, रोमन की कुषाण, की केवळ हिशेबाचे एकक, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु त्याच काळाच्या आगेमागे लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत सोन्याचे आणि चांदीचे दिनारियस आहेत, आणि देशी नाण्यांशी त्यांची अदलाबदल करण्यात नफा आहे असेही म्हटले आहे. पैठण आणि तेर येथून माल गाड्यांनी भडोचला जात असे, हेही तेथेच आहे. तेव्हा सोने आपल्या घाटवाटांना अनोळखी नव्हते.

'सोन्याचे दिनारियस' हे शब्द लक्षात घ्या. रोममध्ये नुसते दिनारियस म्हणजे चांदीचे नाणे. पण येथे 'दीनार' हा शब्द रुजला तो सोन्याच्या नाण्यासाठी, आणि गुप्तांच्या लेखांतही तो त्याच अर्थाने येतो. शब्द आला, धातू बदलून बसला.

प्रतिमांचेही तसेच झाले. कुजुल कडफिसेस या कुषाण राजाने तांब्याच्या नाण्यावर रोमन बादशहाच्या धाटणीचे डोके घेतले, मागे रोमन पद्धतीच्या आसनावर बसलेली आकृती घेतली, आणि भोवती स्वतःचे नाव घातले. पुढे विम कडफिसेसने सोने पाडले ते सुमारे ८ ग्रॅमचे, ऑगस्टसच्या ऑरियसच्या जवळचे, पण त्यावर त्रिशूळ आणि नंदी आले. यापुढची पायरी मला सर्वांत रंजक वाटते. ग्रीक आणि रोमन नाण्यांवर भाग्यदेवतेच्या हातात फळाफुलांनी ओसंडणारे शिंग असते. कुषाण नाण्यांवर ते अर्दोक्षो देवीच्या हातात गेले, आणि तिच्याकडून समुद्रगुप्ताच्या सोन्यावर सिंहासनस्थ देवीच्या हातात, जिला आपण सहजच लक्ष्मी म्हणतो. काही काळाने तिच्या हातातले शिंग जाऊन कमळ आले. येथे 'केवळ छाप' हे सराफकट्टा यांचे सूत्र अपुरे पडते. कोणीतरी ते शिंग समजून घेतले होते, निदान ते समृद्धीचे आहे इतके तरी. आणि आपल्याकडे त्यासाठी अधिक चांगले चिन्ह आहे हे उमगल्यावर ते बदलले.

जोगळटेंभीचा निधीही येथे आठवतो, जरी तो चांदीचा आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली आणि त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याचे चिन्ह उमटलेली नाणी पाहिली की पुदुकोट्टईचे घाव आणि हे ठसे यांतला फरक ध्यानात येतो. येथे जुन्या राजाला पुसायचेच होते.

अर्धवट लॅटिन:

पुसण्याचा विषय निघाला आहे म्हणून सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाच्या कुटुंबाचे नाणे सांगतो. मागच्या बाजूला मध्यभागी त्याची पत्नी ज्युलिया डोम्ना थेट आपल्याकडे पाहते आहे, जे रोमन नाण्यावर क्वचितच घडते, आणि तिच्या दोन बाजूंना काराकाला आणि गेटा हे मुलगे एकमेकांकडे तोंड करून आहेत. लेख आहे 'युगाचे सौख्य'. सेव्हेरस २११ मध्ये वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काराकालाने गेटाला आईच्या कुशीतच मारवले. मग गेटाचे नाव शिलालेखांतून छिन्नीने काढले गेले, चित्रांतून त्याचा चेहरा खरवडला गेला. पण घराघरांत पुरून ठेवलेले सोने कोण गोळा करणार? आज त्या नाण्यावर तो तसाच आहे, भावाकडे पाहत. हाती असलेल्या नाण्याचे राजकारण लोक ओळखत होते, याची साक्ष एपिक्टेटस या तत्त्वज्ञाच्या संभाषणांत मिळते; ठसा ट्राजनचा असेल तर नाणे घ्यावे आणि नीरोचा असेल तर फेकावे, असे तो उदाहरणादाखल म्हणतो.

आणि सेव्हेरसच्याच नात्यातल्या एलागाबालसचा ऑरियस येथील वाचकांनी अवश्य पाहावा. हा मुलगा सीरियातील एमेसा येथील सूर्यदेवाचा वंशपरंपरागत पुजारी होता आणि चौदाव्या वर्षी, २१८ मध्ये, बादशहा झाला. त्या देवाला मूर्ती नव्हती. तो एक काळा, शंकूच्या आकाराचा पाषाण होता. बादशहाने तो रोमला आणला आणि नाण्यावर दाखवला: चार घोड्यांचा रथ, रथात सारथी नाही, केवळ तो पाषाण, त्यावर गरुड, आणि अँटिओकच्या टांकसाळीच्या नाण्यांवर पाषाणाभोवती चार छत्र्या. रोमच्या सनातनी वर्गाने नाके मुरडली. आपल्यापैकी कोणालाही त्या नाण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. शेंदूर नाही एवढेच. बाकी रथ, छत्र, तांदळ्यासारखा देव आणि पुढे मोकळा लगाम, हे सगळे ओळखीचे आहे. २२२ मध्ये त्याचा खून झाला आणि पाषाण एमेसाला परत पाठवण्यात आला.

नवखा:

गुरुजनांच्या उत्तरांनी भारावलो आहे. थोडे वैयक्तिक सांगतो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. परदेशात नोकरीला असताना एका विक्रेत्याकडून नीरोचा, तेच बंद दारांचे मंदिर असलेला, ऑरियस हप्त्यांवर घेतला होता. वजन बरोबर होते, सोनेही खरे होते. दोन वर्षांनी एका जुन्या लिलावाच्या छायाचित्रात तेच मंदिर दिसले आणि उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात तोच तिरपा ओरखडा दिसला, जो माझ्या नाण्यावर होता. ठशातला दोष दोन नाण्यांवर सारखा येऊ शकतो, हे मला ठाऊक होते. पण ओरखडा हा नाणे वापरताना पडतो, तो दोघांना सारखा कसा येईल? भिंगातून काठ पाहिला तेव्हा कानशीच्या सरळ रेघा दिसल्या, साच्याची शिवण घासून काढल्याच्या. विक्रेत्याने पत्रांना उत्तर देणे थांबवले. आता ते सोने माझ्या बहिणीच्या बांगडीत आहे.

सराफकट्टा:

सोने गेले नाही, एवढे तरी समाधान मानावे. आपल्याकडे कोणी जुनी नाणी मोडीत आणली तर आम्ही आता हात लावत नाही, कारण शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या धनाला तर १८७८ पासून वेगळा कायदा आहे. किती ऑरियस आमच्यासारख्यांच्याच मुशीत वितळले असतील, याचा विचार न केलेला बरा.

गोदाकाठ यांचा शिंगाविषयीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. माझे सूत्र व्यापाऱ्यापुरते ठेवा, टांकसाळीच्या कोरक्यापुरते नको.

अर्धवट लॅटिन:

या प्रतिमांचा पुढचा प्रवास एका परिच्छेदात. कॉन्स्टंटाइनने क्रॉस एकदम आणला नाही. कितीतरी वर्षे त्याच्या नाण्यांवर सूर्यदेवच सोबती होता. नंतरच्या सॉलिडसवर विजयदेवता राहिली, तिच्या हातात क्रॉस आला, आणि पंखांमुळे ती देवदूत म्हणून खपून गेली. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने दर्शनी बाजूवर येशूचा चेहरा घेतला आणि स्वतः मागच्या बाजूला, क्रॉस धरून, सेवक म्हणून उभा राहिला. काही वर्षांतच, ६९६-९७ मध्ये, खलिफा अब्द अल-मलिकने आपल्या दीनारवरून माणूसच काढून टाकला आणि केवळ अक्षरे ठेवली.

गोदाकाठ:

जुना ठसा यांच्या मूळ प्रश्नाशी निगडित एक गोष्ट राहिली होती. दख्खनमधील सातवाहनकालीन वस्त्यांत, कोंडापूरसारख्या ठिकाणी, भाजलेल्या मातीच्या लहान चकत्या सापडतात. त्यांवर टिबेरियसच्या नाण्याचा ठसा उमटवलेला असतो, एका बाजूला डोके आणि दुसऱ्या बाजूला तीच बसलेली स्त्री, आणि वर दोरा ओवण्यासाठी कडी. सोन्याच्या नाण्यांनाही अशी भोके पाडलेली आणि कड्या लावलेल्या आढळतात, म्हणजे श्रीमंताच्या गळ्यात सोन्याचा टिबेरियस होता आणि ज्याला ते परवडत नव्हते त्याने मातीचा करून घेतला. येथे वजन नाही, कस नाही, टाकी मारून तपासण्यासारखे काहीच नाही.

जुना ठसा:

ही माहिती मला नव्हती. मातीवर लेखाची अक्षरे उमटलेली असतात का?

गोदाकाठ:

अक्षरांच्या जागी टिंबे असतात. नाक मात्र नीट आलेले असते.